बाळाचं डोकं मोठं आहे. काळजी मात्र मानेशी आहे

अकीक्याच्या दिवशी बाळाचे केस उतरवले आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे गेलं. डोकं मोठं होतं. कपाळ पुढे आलेलं, नाकाचा वरचा भाग दबलेला, टाळू चांगलीच रुंद आणि मऊ. सात दिवस टोपडं आणि दाट जावळ यांनी जे झाकलं होतं ते वस्तरा फिरताच उघडं पडलं. केसांच्या वजनाइतकी चांदी सदक्यासाठी बाजूला निघाली, गोश्ताचे वाटे घरोघर गेले. पण संध्याकाळी पाहुण्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली होती. दादीने मग दुपटं बाजूला सारून नीट पाहिलं. दंड आणि मांड्या आखूड, मांडीवर जास्तीच्या वळ्या, हाताची बोटं तोकडी आणि मधल्या दोन बोटांमध्ये फट.

जवळच्या शहरातल्या दवाखान्यात टाळूवरून सोनोग्राफी झाली. "डोक्यात पाणी आहे, नळी टाकावी लागेल," असं सांगितलं गेलं. हे कुटुंब मुंबईत आमच्याकडे आलं तेव्हा बाळ दोन महिन्यांचं होतं. लहान मुलांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन वाचणं हे माझं काम. त्या आईवडिलांना विचारूनच हे लिहिते आहे; नाव-गाव सांगत नाही.

बाळाला अ‍ॅकॉन्ड्रोप्लेशिया होता. हातापायांची हाडं आखूड राहून उंची कमी राहण्याचा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. साधारण वीस ते तीस हजार जन्मांमागे एक. हे नाव १८७८ साली पॅरो या फ्रेंच डॉक्टरांनी दिलं, आणि खरं तर ते चुकीचं आहे. त्याचा अर्थ 'कूर्चा तयार न होणं' असा होतो. इथे कूर्चा होते, तिचं हाड बनण्याचा वेग तेवढा मंदावतो. शरीरात हाडांच्या वाढीला लगाम घालणारं एक जनुक आहे, एफजीएफआर-३. त्यात एका अक्षराचा बदल होतो आणि लगाम कायमचा ओढलेला राहतो. १९९४ साली हा शोध लागला. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही. ही मुलं बहुतेक वेळा इतरांसारखीच शिकतात, नोकरी-धंदा करतात, संसार करतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण मोठं डोकं पाहिलं की 'मतिमंद होईल का' हा प्रश्न लोक बाळाच्या आईसमोरच विचारतात.

आता डोक्याकडे येऊ. कवटीचं छप्पर आणि कवटीचा पाया ही दोन वेगवेगळ्या रीतीने बनलेली हाडं आहेत. छपराचं हाड पातळ पडद्यापासून थेट तयार होतं. त्याला कूर्चा लागत नाही, म्हणून ते मेंदूबरोबर व्यवस्थित वाढतं. पाया मात्र कूर्चेपासून बनतो, म्हणून आखूड राहतो. पाया अरुंद, वर भरपूर वाढलेलं छप्पर. कपाळ पुढे येणं, नाकाचं मूळ आत जाणं, डोकं मोठं दिसणं हे सगळं एवढ्या एका गोष्टीतून होतं.

पाण्याचंही तसंच. मेंदूच्या आत आणि भोवती जे स्वच्छ पाणी असतं ते सतत तयार होतं आणि शेवटी रक्तात मुरतं. मेंदूतलं रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरा कवटीच्या पायातल्या छिद्रांमधून खाली उतरतात. पाया आखूड म्हणून ती छिद्रंही अरुंद, आणि शिरांमधला दाब थोडा वाढलेला. मोरीचं भोक लहान असलं की पाणी जरा वर तुंबतं आणि त्या पातळीला वाहत राहतं, तसं काहीसं. बाळाची टाळू उघडी असल्याने डोकं थोडं पसरतं, पाण्याच्या पोकळ्या रुंद होतात, कपाळावरच्या शिरा ठळक दिसतात आणि मग बहुतेक मुलांमध्ये तो तोल तसाच टिकतो. या मुलांच्या डोक्याच्या प्रतिमेत 'पाणी जास्त' दिसणं हा नियमच म्हणायला हवा. सर्वसाधारण बाळासाठीचे निकष लावून ती प्रतिमा वाचली की अहवालात 'हायड्रोसेफॅलस' हा शब्द येतो आणि घर हादरतं.

डोक्यात बसवलेली नळी, म्हणजे शंट, ही जन्माची सोबत असते. ती तुंबते, तिच्यात जंतुसंसर्ग होतो, ती बदलावी लागते. ज्या बाळाला खरंच गरज आहे त्याचा जीव ती वाचवते, म्हणून तिला घाबरायचं कारण नाही. पण केवळ सोनोग्राफीत पोकळ्या मोठ्या दिसल्या म्हणून ती टाकून घ्यायची नसते. गरज कशी ओळखायची? डोक्याचा घेर दर महिन्याला टेपने मोजायचा आणि तो अ‍ॅकॉन्ड्रोप्लेशियाच्या मुलांसाठी असलेल्या वेगळ्या तक्त्यावर मांडायचा. हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे तक्ते १९७८ सालीच छापले आहेत. नेहमीच्या तक्त्यावर हे बाळ पहिल्या दिवसापासून रेषेच्या बाहेर असतं, म्हणून त्या तक्त्याचा इथे काही उपयोग नाही. स्वतःच्या तक्त्यावर रेष सरळ चालली असेल, बाळ दूध पीत असेल, हसत असेल, तर पाहत राहायचं. रेष एकदम वर चढू लागली, टाळू टणक आणि फुगलेली लागली, उलट्या, सततची चिडचिड किंवा सुस्ती आली, डोळ्यांची बुबुळं खाली झुकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

थोडक्यात, ज्या मोठ्या डोक्याकडे सगळे पाहतात ते बहुतेक वेळा धोक्याचं नसतं. धोका असतो तो त्याच्या तळाशी, जिथे कुणाचं लक्ष जात नाही.

कवटीच्या तळाला एक मोठं छिद्र आहे. त्याला डॉक्टर फोरामेन मॅग्नम म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थच 'मोठं छिद्र'. मेंदूचा देठ इथून खाली उतरतो आणि पुढे मज्जारज्जू होतो. श्वास घ्यायचा हुकूम देणारं केंद्र याच देठात, या छिद्राच्या अगदी शेजारी आहे. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेशियात हे 'मोठं छिद्र' जन्मतःच लहान असतं. त्याच्या काठावरचे हाडांचे सांधे वेळेआधी जुळून जातात, त्यामुळे ज्या पहिल्या वर्षात ते झपाट्याने रुंद व्हायला हवं त्याच वर्षात ते फारसं वाढत नाही. त्यातून बाळाचं डोकं जड, मान लुळी. मान पुढे-मागे झुकली की छिद्राचा काठ रज्जूवर रुततो. कधी कधी झोपेत श्वासाचा हुकूमच निघत नाही.

१९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अ‍ॅकॉन्ड्रोप्लेशिया असलेल्या लोकांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार वर्षांखालच्या मुलांमध्ये अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त होतं आणि त्यांतल्या निम्म्या मुलांमध्ये मेंदूच्या देठावर दाब असल्याचं दिसलं. तपासणी न झालेल्या बाळांमध्ये पहिल्या वर्षात अशा अचानक मृत्यूचं प्रमाण शंभरात दोन ते पाच, काही अंदाजांनुसार त्याहूनही जास्त. आकडा लहान वाटतो. पण रात्री दूध पिऊन झोपलेलं, वरवर ठणठणीत बाळ सकाळी उठलं नाही, आणि 'अल्लाहची अमानत होती, त्याने परत नेली' म्हणून घर सबर करून बसलं, अशा किती घरांत कारण हे छिद्र असेल, ते कुणी पाहिलेलंच नसतं. सबर आहेच. पण उंटाची दोरी आधी बांधायची आणि मग भरवसा ठेवायचा, हेही आपल्या घरांत लहानपणीच शिकवलं जातं.

१९९५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले डॉ. रिचर्ड पाउली आणि त्यांचे सहकारी यांनी या आजाराच्या ५३ बाळांची पद्धतशीर तपासणी केली: शरीर तपासलं, झोपेतला श्वास मोजला, स्कॅन केले. त्यांतल्या पाच बाळांना ऑपरेशनची नक्की गरज आहे असं ठरलं. पाचही जणांच्या ऑपरेशनमध्ये रज्जूवर ठळक दाब सापडला आणि पाचही सुधारली. ५३ पैकी पाच, म्हणजे बहुतेकांना चाकू लागला नाही. पण ती पाच कोणती हे नुसतं पाहून कळलं नसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच निदान होताच, शक्य तितक्या लवकर, डोक्याची प्रतिमा आणि झोपेची तपासणी करायला सांगितलं आहे. लक्षणं दिसायची वाट पाहायची नाही.

प्रतिमा कोणती, हा पुढचा प्रश्न. टाळूवरून होणारी सोनोग्राफी स्वस्त आहे, किरणांचा त्रास नाही, पाण्याच्या पोकळ्या चांगल्या दिसतात. पण ते खालचं छिद्र तिच्यात नीट दिसत नाही. त्यामुळे 'सोनोग्राफी झाली आहे' एवढ्यावर थांबता येत नाही. सीटी स्कॅन काही क्षणांत होतो आणि छिद्राचं हाड, त्याचं माप अचूक दाखवतो. त्यात क्ष-किरण असतात, आणि रज्जूवर दाब पडून आत काही इजा झाली आहे का हे तो सांगू शकत नाही. एमआरआयमध्ये किरण नाहीत आणि रज्जू, देठ, पाणी सगळं वेगवेगळं दिसतं. अडचण एवढीच की बाळाने अर्धा-पाऊण तास हलायचं नाही आणि यंत्राचा आवाज मोठा असतो. जिथे एमआरआय मिळू शकतो तिथे मी तोच करायला सांगते.

'एवढ्याशा बाळाला भूल?' ही भीती रास्त आहे. या मुलांना भूल देणं जोखमीचं असतं. नाक आणि घसा अरुंद, आणि मान मागे ताणलेली चालत नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांत आम्ही शक्यतो भुलेशिवायच काम भागवतो. बाळाला दूध थोडं लांबवून आणायला सांगायचं, मग यंत्राच्या खोलीबाहेर आईने पोटभर पाजायचं, मऊ कापडात हातापायांसह गुंडाळायचं, कानांवर संरक्षण लावायचं आणि दिवे मंद करून त्याच्या झोपेची वाट पाहायची. गाढ झोप लागली की बाळ यंत्रात. दर वेळी जमतंच असं नाही, पण बरेचदा जमतं. लवकर या असं आम्ही सांगतो त्याचं हेही एक कारण. बाळ मोठं झालं की ही युक्ती चालत नाही.

त्या दिवशी दादीशी माझी थोडी हुज्जत झाली. बाळाच्या गळ्यात पत्र्याच्या डबीतला तावीज होता, दंडाला काळ्या दोऱ्यात ओवलेली पिन. एमआरआयचं यंत्र म्हणजे प्रचंड लोहचुंबक. खोलीत धातूचं काही चालत नाही. आईच्याही हिजाबच्या पिना काढून कापड गाठ मारून बांधायला लावलं, बांगड्या उतरवल्या. दादी तावीज काढायला तयार होईना. शेवटी मी तो रुमालात बांधून तिच्याच मुठीत दिला आणि म्हटलं, दारापाशी बसा, तिथून बाळ दिसतं. ती बसली.

प्रतिमा पडद्यावर आली. एमआरआयच्या एका प्रकारात पाणी पांढरं आणि मज्जारज्जू करडा दिसतो. वर मेंदूभोवती पाणी भरपूर, पोकळ्या रुंद, पण मेंदू दबलेला नाही. त्या 'नळी टाका'वाल्या पाण्याबद्दल मी निश्चिंत झाले. मग खाली आले. छिद्राजवळ रज्जूच्या पुढे आणि मागे पाण्याची एकेक पांढरी रेघ दिसायला हवी, कारण ते पाणी म्हणजे गादी. ती रेघ दोन्हीकडून पुसली गेली होती आणि रज्जू तिथे चपटा झाला होता. लंडनमधल्या डॉक्टरांनी २०२१ साली यासाठी शून्य ते चार अशी सोपी श्रेणी सुचवली आहे: शून्य म्हणजे सर्व ठीक, एक म्हणजे छिद्र अरुंद पण पाण्याची गादी शाबूत, दोन म्हणजे गादी नाहीशी, तीन म्हणजे रज्जू चपटा, चार म्हणजे रज्जूच्या आत इजेचा डाग. आमचं बाळ तीनवर होतं. डाग पडलेला नव्हता.

केवळ चित्रावरून ऑपरेशन ठरत नाही. न्यूरोसर्जननी बाळ तपासलं. गुडघ्यावर टिचकी मारली की पाय जरुरीपेक्षा जोरात उडत होता, पाऊल वर दाबून धरलं की थरथरत राहत होतं. झोपेच्या तपासणीत, म्हणजे रात्रभर तारा लावून श्वास आणि ऑक्सिजन मोजतात त्यात, श्वासाचे खंड दिसले. छातीच हालत नव्हती, म्हणजे नाक चोंदल्याचा प्रकार नव्हता. आई म्हणाली, "तो मध्येच शांत व्हायचा. मला वाटायचं, किती गाढ झोपतो." तीन वेगवेगळ्या तपासण्या एकच गोष्ट सांगत होत्या, म्हणून ऑपरेशन ठरलं. छिद्राच्या मागच्या काठाचं हाड आणि मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढून रज्जूला जागा करून देतात. रक्तस्राव, पाणी झिरपणं असे धोके त्यातही आहेत, ते सर्जननी वडिलांना बसवून सांगितले.

घरी गेल्यावर मानेची राखण आईला आणि दादीलाच करायची होती. आपल्याकडे बाळाची मालिश म्हणजे डोकं दाबून गोल करणं, दोन्ही हात धरून उचलणं, पाय धरून उलटं लोंबवणं, हवेत उडवून झेलणं. अशा बाळाच्या बाबतीत यातलं काहीही करायचं नाही. तेल लावा, हलक्या हाताने चोळा, मानेखाली हात कायम असू द्या. डोकं दाबून लहान होत नाही. बाळ आपण होऊन बसेपर्यंत त्याला उशा लावून बसवायचं नाही, आणि पाठीची कमान होईल अशा मऊ कापडी झुल्यात किंवा झोळीत तासन्‌तास ठेवायचं नाही. पाठीचा कणा वाकतो. सपाट, घट्ट गादी बरी. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बाळ धरून खड्ड्यांतून जाणं तर नकोच. ही मुलं मान उशिरा धरतात, बसतात उशिरा, चालतात उशिरा. शेजारच्या बाळाशी तुलना केली तर उगाच घाबरायला होतं.

आणि खतना. त्या घरात चाळीस दिवसांच्या आत करण्याचा रिवाज होता आणि आजोबांना घाई होती. मी एवढंच म्हटलं, डोक्याचा स्कॅन होऊन न्यूरोसर्जनचा होकार मिळेपर्यंत थांबा. आणि जो कुणी करेल त्याला आजाराचं नाव सांगा, म्हणजे बाळाची मान कशी धरायची, भूल द्यायची की नाही, हे आधी ठरेल. पुढे आयुष्यात कुठलंही ऑपरेशन, दाताचंसुद्धा, आलं तरी भूलतज्ज्ञाला हे सांगायचंच.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते या सगळ्यात तिचाच त्रास त्या आईला सर्वांत जास्त झाला. नवरा-बायको खालाजाद होते. सासरी-माहेरी दोन्हीकडे निकाल लागून गेला होता: नात्यात लग्न केलं म्हणून झालं. कुणी ग्रहणाचं काढलं, कुणी नजरेचं. जवळच्या नात्यातल्या लग्नांनी काही आजारांची शक्यता वाढते हे खरं आहे, थॅलेसेमिया त्यातला. तिथे आई आणि बाप दोघांकडून दोष यावा लागतो, आणि एकाच खानदानात तो दोघांकडे असण्याची शक्यता जास्त. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेशिया त्या जातीचा नाही. इथे जनुकाची एकच बदललेली प्रत पुरते, आणि दहापैकी आठ बाळांमध्ये आईबाप दोघेही नेहमीच्या उंचीचे असतात. बदल त्या बाळापासूनच सुरू होतो. बहुतांश वेळा तो बापाच्या बीजात झालेला असतो आणि बापाचं वय वाढेल तशी त्याची शक्यता थोडी वाढते. मी हे सांगितलं तेव्हा खोलीतल्या सगळ्या माना वडिलांकडे वळल्या, म्हणून घाईने पुढचं सांगितलं: यात त्यांचाही कसूर नाही, बीज तयार होताना अशी एखादी नक्कल-चूक कुणाच्याही शरीरात होते. पुढच्या मुलात हे पुन्हा होण्याची शक्यता अशा जोडप्याला शंभरात एकाहूनही कमी असते. ज्याला स्वतःला अ‍ॅकॉन्ड्रोप्लेशिया आहे त्याच्या मुलांत मात्र ती निम्मी असते. आई काही बोलली नाही. बाहेर जाऊन बराच वेळ रडली, असं नंतर नर्सने सांगितलं.

बाळ दीड वर्षाचं झाल्यावर दुसऱ्या एमआरआयला आलं. या वेळी भूल द्यावी लागली, भूलतज्ज्ञ आधीपासून तयारीत होते. भिंत धरून उभा राहत होता, रात्रीचे श्वासाचे खंड थांबले होते. वडिलांनी एका वहीत दर महिन्याचा डोक्याचा घेर लिहून आणला होता. तक्त्यावर रेष सरळ होती, नळीची गरज पडली नव्हती. अपंगत्वाच्या दाखल्याचं त्यांनी विचारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खुजेपणाचा समावेश आहे, पण तिथली अट प्रौढ वयातल्या उंचीची, १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, अशी आहे. म्हणून त्यांना जिल्हा रुग्णालयात चौकशी करायला सांगितलं. प्रतिमेत छिद्राशी रज्जूच्या मागे पांढरी रेघ आली होती, बारीक पण सलग.

दादीने विचारलं, "डोकं अजून मोठंच आहे ना?" म्हटलं, मोठंच राहणार. ईदसाठी त्याच्या मापाची टोपी बाजारात मिळाली नव्हती, म्हणून तिने स्वतः क्रोशाने विणली होती. यंत्रात न्यायच्या आधी मी ती काढायला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू द्या डॉक्टरीणबाई, हिच्यात पिन नाही."